अडीच फुटांची जागा

संपाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात एका वर्तमानपत्रात बातमी आली होती की गिरणगावातली थेटरं दुपारच्या खेळाला भरून वाहताहेत. घरात चूल पेटायची मारामार आणि कामगार सिनेमाची चैन करतोय, हे कसलं कोडं, असा बातमीदाराला प्रश्न पडला होता. त्याने कोणा प्राध्यापकालाही विचारलं होतं. प्राध्यापकांचं म्हणणं असं, की दुःख विसरायला माणूस करमणूक शोधतो. मी ती बातमी चाळीखालच्या वाचनालयात उभ्याने वाचली आणि पेपर इतक्या जोरात मिटला की शेजारचे आजोबा दचकले.

डोंबलाची करमणूक! आम्ही तिथे झोपायला जात होतो. सगळ्यात पुढच्या, सगळ्यात स्वस्त तिकिटात तीन तास पंखा, अंधार आणि पाठ टेकायला बाक मिळायचं. पडद्यावर कोण कोणाला मारतंय याच्याशी आमचं देणंघेणं नव्हतं. मी एकाच सिनेमाला अकरा वेळा बसलो आणि त्याचा शेवट काय होता हे मला आजही ठाऊक नाही. बातमीदार पुढच्या रांगेपर्यंत आला असता तर त्याला घोरणं ऐकू आलं असतं. पण आमच्या खोलीत काय चाललंय हे त्याला आधी माहीत असायला हवं होतं, आणि त्यासाठी दोन जिने चढावे लागत होते.

आमची खोली म्हणजे गावकीची खोली. लालबागला, दुसऱ्या मजल्यावर, संडासाला लागून. कोकणातल्या आमच्या गावाने ती कधीकाळी भाड्याने घेतली होती आणि गावातून गिरणीत येणारा प्रत्येक गडी तिथेच उतरायचा. बायकापोरं गावाला, जेवण खानावळीत आणि झोप जमिनीवर. दहा बाय बाराच्या त्या खोलीत अठरा माणसं राहत. हे सांगितलं की लोक हळहळतात. त्यांनी हळहळू नये. अठरा माणसं एका वेळी तिथे कधीच नसत. पहिल्या पाळीची सहा माणसं रात्री खोलीत झोपत, दुसऱ्या पाळीची गॅलरीत, आणि रातपाळीची सकाळी येऊन पहिल्या पाळीच्या जागांवर आडवी होत. जमीन फुटांनी वाटलेली नव्हती, गिरणीच्या भोंग्याने वाटलेली होती. प्राध्यापकांनी यावर पुस्तक लिहिलं असतं. आम्ही त्याला नुसतं पाळी म्हणत होतो.

जागेचा नियम एकच होता. ज्याची पेटी खोलीत, त्याची जागा. पत्र्याची ट्रंक, तिला कुलूप, आणि कुलपाची किल्ली मालकाच्या करगोट्याला, म्हणजे कमरेच्या काळ्या दोऱ्याला, बांधलेली. माणूस सहा महिने गावाला जाऊन राहिला तरी पेटी भिंतीशी असेपर्यंत त्याची जागा त्याचीच. त्याने पेटी उचलली की जागा सुटली, आणि ती गावातल्या पुढच्या नंबरवाल्याला जायची. दुसऱ्याच्या पेटीला हात लावून ती बाहेर काढणं हे फक्त एकाच वेळी होई. माणूस मेला की खोलीतला एक जण त्याची पेटी घेऊन गावाला जायचा आणि बाराव्याच्या आत ती घरच्यांच्या ताब्यात द्यायचा. त्याशिवाय दुसऱ्याची पेटी उचलणं म्हणजे त्याच्या जिवावर उठणं.

मला पेटी नव्हती. मी बदलीवाला. म्हणजे रोज गिरणीच्या फाटकावर जाऊन उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर परत. खाडे रातपाळीला जास्त पडतात, म्हणून मी रातपाळीला उभा राहायचो. बदलीवाल्याला गावकी पेटी ठेवू देत नसे. तो आपल्या कोणातरी नातेवाइकाच्या जागेवर, नातेवाईक कामावर असताना झोपायचा. मी माझ्या सख्ख्या चुलत्याच्या जागेवर झोपायचो. ती जागा होती खिडकीखाली, अडीच फूट रुंद, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा पिंप.

काका साचेवाले होते, गिरणीत मागावर कापड विणायचे. वीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभे राहून कान गेलेले, त्यामुळे ते बोलत ते सगळं ओरडून. सहा वर्षं आम्ही त्या एका जागेवर राहिलो आणि आमच्यात एकदाही तंटा झाला नाही. होणार कधी? आम्ही भेटायचो ते सकाळी सातला, गिरणीच्या फाटकावर. मी सुटून बाहेर येत असे, ते आत जात असत. भोंगा वाजत असायचा आणि त्याच्या वर आवाज चढवून ते म्हणायचे, "पड जा. जागा गरम आसा!"

निघताना ते जागेवर मुद्दाम गोधडी पसरून ठेवायचे, ऊब राहावी म्हणून. मुंबईच्या उकाड्यात गरम जागेचं कौतुक कोणाला? मी गोधडी लाथेने दूर सारायचो आणि फरशी निवायची वाट बघायचो. दुपारी मी उठून जायचो तेव्हा जागा माझ्याही अंगाने तापलेली असणारच. पण मी त्यांना ते कधी म्हणालो नाही. सुचलंच नाही.

मग संप झाला. भोंगे बंद पडले आणि अठराच्या अठरा माणसं एकदम घरी आली.

पहिला आठवडा मजेत गेला. पत्ते, भजन, भाषणं. आठवड्यानंतर सगळ्यांच्या लक्षात आलं की आता प्रत्येकाला रात्रच हवी आहे. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा काकांच्या शेजारी झोपलो. मोठ्यांनी सांगून ठेवलंय, अंथरूण पाहून पाय पसरावे. आमचं अंथरूण अडीच फुटांचं आणि पाय चार. काका झोपेतही ओरडत. शिवाय उजवा गुडघा वर करून झोपत आणि मध्यरात्री तो गुडघा माझ्या बरगडीत यायचा. माझं म्हणाल तर मला रात्री झोपच यायची नाही, सहा वर्षांची सवय. मी कूस बदलायचो, विडी ओढायचो, गॅलरीत चार देह ओलांडून फेऱ्या मारायचो, आणि परत येताना हमखास कोणाच्यातरी हातावर पाय द्यायचो. दिवसा झोपावं तर खोलीत बारा माणसं बसून पुढाऱ्याच्या भाषणाचा कीस काढत असायची. म्हणून थेटर.

महिन्याभरात मला काकांचं तोंड बघवेना. त्यांना माझं बघवत होतं असं नाही. एका सकाळी मी उठलो तर फरशीवर पांढरी रेघ. त्यांनी तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन उशापासून पायथ्यापर्यंत जागेचे उभे दोन भाग केले होते.

"हय हात टाकलंस तर बग!" ते ओरडले.

"भिंतीकडची बाजू तुमची कशी?" मी ओरडलो. "पिंपाचा पाणी माझ्याच अंगावर येता!"

"पेटी कोणाची? तुजी?"

खोलीतले सोळा जण हसले. मी ती रेघ ओल्या फडक्याने पुसली, त्यांनी पुन्हा ओढली. दोन आठवडे आमचं हेच चाललं होतं. कोणी म्हणेल, एवढ्याशा जागेसाठी चुलता-पुतण्याने एवढं हीन व्हावं? मी म्हणतो, एवढ्याशाच जागेसाठी माणूस हीन होतो. एकराचा मालक चुन्याची रेघ ओढत नाही.

पुढे कामगार गावाला निघाले. त्यावरही पेपरांत रकाने भरून आले. कोणी लिहिलं, कामगाराची नाळ अजून मातीशी जुळलेली आहे. कोणी लिहिलं, पेरणीची वेळ साधून लढा लांबवायची ही पुढाऱ्यांची चाल. आमच्या खोलीतला पहिला माणूस गेला तो त्याला सलग अठरा दिवस झोप नव्हती म्हणून. त्याची जमीन म्हणाल तर दोन वाफे. पण गावाच्या पडवीत हातपाय ताणून झोपता येत होतं आणि लालबागला येत नव्हतं. मातीची ओढ, म्हणे! त्याला फक्त आडवं व्हायचं होतं.

आमच्या जागेवरून कोणीतरी एक जाणार हे उघड होतं. मी जाणार नव्हतो. गावाला माझं होतं काय? आई-वडील गेलेले, घर काकांचं. मुंबईतून पाय निघाला तर बदलीवाल्याला परत कोण विचारतो? मी अंथरुणावर ठाण मांडून बसलो. शेवटी एका दुपारी काकांनीच वळकटी बांधली. परळच्या एसटी स्टँडवर मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. ते दारात थांबले आणि ओरडले, "पेटयेक हात लावू नको. कोणाक लावूक देव नको. ती हय आसा तवसर काय चिंता नाय."

मला वाटलं, किती ही हाव. अंग घेऊन चालले, पण जागा सोडवत नाही.

खोलीत मग हळूहळू सातच माणसं उरली. मी पिंप सरकवला आणि पूर्ण अडीच फुटांवर एकटा झोपलो. रोज सकाळी झाडताना काकांची पेटी वीतभर सरकवायचो. ती एका हाताने सरकायची. तेव्हाच मी ताडलं की तिच्यात काही नाही.

काका गेल्यावर पाच-सहा महिन्यांनी मला दादरला एका कापडाच्या दुकानात काम मिळालं. ताग्याची घडी उलगडून गिऱ्हाइकापुढे टाकायची, गिऱ्हाईक उठून गेलं की पुन्हा घालायची. संपाला वर्ष होत आलं होतं. मुंबईच्या गिरण्या बंद, म्हणजे कापड मिळेनासं होईल, भाव चढतील आणि मालक गुडघ्यावर येतील, असा आमच्या खोलीचा हिशोब होता. आणि इथे दुकानात तागे छताला टेकलेले. छाप गिरणीचा, पण साचेवाल्याच्या पुतण्याला बोटांनी कळतं. वीण यंत्रमागाची होती. भिवंडीला विणायचं, मुंबईचा छाप मारायचा. गिऱ्हाइकाला पत्ताही नाही. ज्या दिवशी मी हे नीट पाहिलं त्या दिवशी मला कळलं की आम्ही हरलो आहोत. पुढाऱ्यांच्या सभा अजून चालू होत्या. मी खोलीत येऊन सांगितलं तर मला मालकाचा कुत्रा म्हणाले. चार दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. पाचव्या दिवशी त्यांच्यातलाच एक जण हळूच विचारू लागला, तुझ्या दुकानात अजून एक माणूस लागेल का.

दीड वर्षाने काका परत आले. गिरणीने काही माणसं आत घेतली होती. काकांना फाटकावरूनच परत पाठवलं. पन्नाशी उलटलेली, कान गेलेले. कमी माणसांत गिरणी चालवायची ठरवल्यावर असल्यांची कोणाला गरज? त्यांनी चिंचपोकळीला एका वर्कशॉपमध्ये काम बघितलं, दिवसाचं. माझंही दिवसाचं. म्हणजे दोघांनाही पुन्हा रात्रच हवी. त्यांनी वळकटी टाकली, पेटीवर बसले, तंबाखूची डबी काढली. त्यांचं बोट चुन्याकडे गेलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी कारभाऱ्यांकडे तक्रार केली. कारभारी म्हणजे खोलीतले सगळ्यात वडीलधारे, तंटा सोडवणारे. रविवारी दुपारी सातही जण भिंतीला टेकून बसले आणि काका मधोमध आपल्या पेटीवर.

"तुजां म्हणणां काय?" कारभाऱ्यांनी मला विचारलं.

"काकांनी जागा सोडली," मी म्हणालो. "दीड वर्स झाला. पेटी नुसती दाखवूक ठेवलेली आसा. रिकामी आसा ती! मी रोज सरकवतंय, माका वजन म्हायती आसा. रिकामी पेटी ही काय पेटी झाली?"

असा मुद्दा आजवर कोणी काढला नव्हता. कोणाच्या पेटीत काय आहे हे विचारणंच अभद्र. पण कोपऱ्यात एक रंगखात्यातला बसला होता, तो एकदम पुढे सरसावला. त्याचा मेव्हणा दोन वर्षं गावाला जागेसाठी नंबर लावून बसला होता.

"मगे उघडून बगूया की," तो म्हणाला. "रिकामी गावली तर जागा सुटली. चला, उघडा."

मी मान डोलावली. रागात माणसाला अर्धाच नियम आठवतो. मला वाटत होतं, दीड वर्ष मी तिथे झोपलोय, जागा सुटली तर माझ्याकडेच येणार.

कारभाऱ्यांनी काकांच्या कानाशी तोंड नेऊन तीनदा ओरडून सांगितलं, तेव्हा त्यांना समजलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रंगखात्यातल्याकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं. त्यांचा हात कमरेला गेला आणि करगोट्याच्या किल्लीवर मूठ वळली.

"पेटी माजी," ते म्हणाले. "चार माणसांत मी ती उघडूचंय नाय."

"चोराच्या मनात चांदणं!" मी उसळून म्हणालो. सख्ख्या चुलत्याला, सहा माणसांदेखत. त्यांना ऐकू गेलं नाही अशी मी पुढे कित्येक वर्षं समजूत करून घेतली. पण गिरणीतली माणसं ओठांवरून बोलणं वाचतात. एवढ्या आवाजात तिथे दुसरं करणार काय?

कारभाऱ्यांनी निवाडा दिला. "उघडली नाय, म्हणजे भरलेली. जागा तेचीच. पुतण्यो आसा तसो ऱ्हवात." रंगखात्यातला मागे टेकला आणि थुंकायला गॅलरीत गेला.

काका त्याच संध्याकाळी वळकटी घेऊन गावाला गेले. मी गॅलरीत पाठ करून उभा होतो. जिना उतरण्याआधी ते माझ्या मागे येऊन थांबले आणि म्हणाले, या वेळी न ओरडता, "रव तू हय. पड. जागा गरम आसा."

मला तो टोमणा वाटला. मी वळलोसुद्धा नाही. मी जिंकलो होतो. उघडायला लाजले, म्हणजे पेटी रिकामी होती, म्हणजे मी खरा होतो. ते पुन्हा मुंबईला आले नाहीत आणि मी त्यांच्या दारात पाय ठेवला नाही.

नंतर गिरण्या एकामागोमाग एक बंद पडत गेल्या. माणसं पेट्या उचलून गेली. रंगखात्यातलाही गेला, त्याचा मेव्हणा कधी आलाच नाही. कारभारी वारले तेव्हा त्यांची पेटी घेऊन मीच गावाला गेलो आणि काकांच्या घरावरून मान खाली घालून परत आलो. शेवटी खोलीत दोन पेट्या राहिल्या, काकांची आणि अडवायला कोणी उरलं नाही तेव्हा मी आणून ठेवलेली माझी. भाड्याची पावती माझ्या नावावर झाली, कारण दुसरं नाव द्यायला कोणी नव्हतं. मग मी लग्न केलं. बायको म्हणाली, ही गंजकी ट्रंक भंगारात द्या. मी तिच्यावर असा खेकसलो की तिने पुन्हा विषय काढला नाही. तिने पेटीवर फुलाफुलांचं कापड घातलं आणि वर टीव्ही ठेवला. तिला वाटलं मला माया आहे. माया कसली! मला काकांनी स्वतः येऊन ती उचलायला हवी होती, सगळ्यांदेखत. मी टाकली असती तर मी जागा बळकावली असं झालं असतं. त्यांनी उचलली तर त्यांनी सोडली असं झालं असतं. ते येत नव्हते आणि मी टाकत नव्हतो.

चाळ पाडून टॉवर झाला. आम्हाला मागच्या अंगाला, बुटक्या इमारतीत घर मिळालं, आणि पेटी तिथेही आली. आमच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचा दुसरा एक उंच टॉवर दिसतो. जिथे काकांचा साचा होता त्याच जमिनीवर तो उभा आहे. त्याच्यातले निम्मे दिवे कधी लागत नाहीत. मध्ये एका पेपराने मोठं आश्चर्य करून छापलं होतं: शहरात माणसांना डोकं टेकायला जागा नाही आणि एवढी घरं कुलूप लावून रिकामी, असं कसं? मला नाही आश्चर्य वाटलं. जागा धरून ठेवायची असली की माणूस तिथे राहतो थोडाच. रिकामी पेटी ठेवतो, कुलूप लावतो, किल्ली कमरेला. माझ्याच घरात तसली एक होती, आणि तिच्याखालच्या तीन फुटांच्या भावात गावाला विहिरीसकट आंब्याची कलमं आली असती.

गेल्या वर्षी एका दुपारी मी जेवून पडलो होतो. बायको तिच्या बहिणीकडे शीवला गेली होती. बेल वाजली. दारात चाळिशी उलटलेला माणूस, डोळे लाल, शर्ट चुरगळलेला. काकांचा मुलगा आहे हे मी गुडघ्यावर हात ठेवून उभं राहण्याच्या पद्धतीवरूनच ओळखलं, काका तसेच उभे राहत. मी त्याला आत घेतलं नाही. या दिवसाची तयारी मी कैक वर्षं करून ठेवली होती.

"हिस्सा मागायला आला असशील," मी म्हणालो. मुद्दाम शहरी मराठीत. "कागद सगळे माझ्या नावावर आहेत. वकिलाला दाखवलेत. तुझ्या वडिलांनी जागा कधीच सोडली होती."

"बाबा गेले, दादा," तो म्हणाला. "सात दिस झाले."

मी दाराची कडी धरून उभा राहिलो.

"माका हिस्सो नको," तो म्हणाला. "पेटी होई. बाराव्याच्या आदी घराक पोचूक होई. आणि खोलयेतल्या माणसानच ती आणूची, असा बाबा सांगान गेले. खोलयेतलो आता तुमच्याशिवाय कोण आसा?" त्याने खिशातून काळा दोरा काढला. त्याला किल्ली होती. दोरा कापलेला होता, सोडलेला नव्हता.

मला काय झालं कोण जाणे, मी चिडलो. "रिकामी पेटी न्यायला एवढ्या लांब आलास? काय आहे त्यात? काही नाही!"

"काय नाय," तो म्हणाला. "माका म्हायती आसा. संपात गावाक इले तेव्हाच बाबांनी सगळां सामान आणलेलां."

"मग त्या दिवशी उघडून का नाही दाखवली? मी चारचौघांत चोर म्हटलं त्यांना. रिकामी आहे म्हणून कबूल करायला जीभ का नाही उचलली?"

त्याला खरंच वाटत होतं की हे मला ठाऊक असणार.

"उघडली आसती तर जागा सुटली आसती ना, दादा," तो म्हणाला. "त्या मेवण्याक गेली आसती. तुमका खय पेटी होती? तुमी तेंच्या पेटयेवर ऱ्हवलास. बाबा म्हणायचे, पोराक आवस-बापूस नाय, मुंबय सुटली तर जायत खय. म्हणान तर रिकामी ठेवलेली."

खाली कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. मी टीव्ही उचलून जमिनीवर ठेवला, कापड काढलं, किल्ली लावली. कुलूप गंजलं होतं तरी उघडलं. पेटी रिकामीच होती. तळाशी जुन्या वर्तमानपत्राचं पान अंथरलेलं, बस्स. मी म्हणालो होतो ते अक्षरशः खरं होतं, आणि एवढं खरं बोलून मी माझ्या बापाच्या भावाला चोर ठरवलं होतं. मी लबाड होतो, कृतघ्न होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे मूर्ख होतो. पेपरवाल्यांना मी आयुष्यभर हसलो की त्यांना खोलीतलं काही कळत नाही. मी खोलीतच होतो.

"रात्रीची एसटी धरूया," मी म्हणालो. "पेटी मी घेतो."

"होय," तो म्हणाला. तो अजून उंबऱ्याबाहेरच होता. रात्रभर प्रवासात होता, बसायला जागाही मिळाली नव्हती म्हणाला. उभ्या उभ्या त्याचे डोळे मिटत होते. मी त्याला हाताला धरून आत आणलं. आत पलंगावरची माझी चादर तशीच पडली होती, बेल वाजली तेव्हा मी उठलो होतो तशी.

"पड," मी त्याला म्हणालो. "जागा गरम आसा."